पगार नको म्हणालात, तिथंच चुकलात

ताई,
मी ६१ वर्षांचा आहे. पस्तीस वर्षं हिशेबखात्यात काढून सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. शाईच्या पेनांचा नाद शाळेपासूनचा. घरी एकशेचाळीसेक पेनं आहेत, त्यातली निम्मी बंद पडलेली घेऊन मीच चालू केली. मी नेहमी जातो त्या पेनांच्या दुकानाच्या मालकानं (वय ३२) विचारलं, 'काका, आठवड्यातून तीन दिवस दुपारी चार तास दुकानात याल का?' मला इतका आनंद झाला की म्हटलं, 'येतो की, पगारसुद्धा नको.' तो 'बघू' म्हणाला. मुलगा म्हणतो, 'बाबा, आयुष्यभर हाताखाली माणसं होती, आता काउंटरमागं उभे राहणार?' मित्र म्हणतो, नादाची नोकरी केली की नाद मरतो. बायको काहीच म्हणत नाही. मलाही मधूनच धास्ती वाटते. पण दुपारी घर फार शांत असतं हो. काय करू?
— शाईवेडा

शाईवेडे काका,

पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंय. दुपारी घर फार शांत असतं. पेनं तुम्हाला हवीच आहेत, पण दुपारी कुणीतरी आपली वाट बघत असावं, हे त्याहून जास्त हवंय. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते स्वतःशी कबूल करून जा. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी दुकानही शांतच असतं आणि तिथं घड्याळ जास्त हळू चालतं. त्या दुपारीही जावंसं वाटेल का, याचं उत्तर आधी काढा.

आता पगाराचं. फुकट येणारा माणूस दुकानात पाहुणा असतो. पाहुण्याला 'उशीर झाला' म्हणता येत नाही, 'काका, हे असं नका मांडू' म्हणता येत नाही. पाहुण्यालाही मग 'आज गुडघा दुखतोय, येत नाही' म्हणताना चोरट्यासारखं होतं. शिवाय ज्या कामाला तुम्ही फुकट उभे राहता, त्या कामाचा पगार कुणाचं तरी घर चालवू शकला असता. मालक 'बघू' म्हणाला ना, पोरगं हुशार दिसतंय. उद्याच जा आणि सांगा, त्या दिवशी आनंदाच्या भरात बोलून गेलो, पगार घेईन. वार, तास, पगार, सुट्टी एका कागदावर लिहून घ्या. लिहायला पेन शोधावं लागणार नाही! निवृत्तिवेतनाच्या अटींत दुसऱ्या नोकरीबद्दल काही आहे का, तेही वाचून ठेवा. बसायला स्टूल मागा. चार तास उभं राहणं ऐकायला थोडं वाटतं.

नाद मरतो का? याचं उत्तर मी अनुभवानं देऊ शकते. नोकरी संपल्यावर मी दोन वर्षं लोकरीच्या दुकानात काम केलं. विणकाम लहानपणापासूनचं, त्यामुळे मला वाटलं, आपल्याला कोण काय शिकवणार. लोकरीच्या गुंड्याच्या कागदावर लॉट नंबर असतो, म्हणजे ती लोकर कुठल्या खेपेला रंगवली त्याचा आकडा. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये जराशी छटा बदलते. गुंडे शेजारी ठेवले तर कळतही नाही, अंगावर पट्टा दिसतो. चाळीस वर्षं मी हे मैत्रिणींना बजावत आले होते. आणि एका बाईंना मीच पाच गुंडे एका लॉटचे आणि सहावा दुसऱ्या लॉटचा दिला. का, तर त्यांना टाका कसा उचलावा यावर व्याख्यान देण्यात मी रंगले होते. महिन्याभरानं त्या अर्धा स्वेटर घेऊन आल्या. काखेखाली सरळ रेघ, जणू कुणी आखून दिलेली. मालकीणबाई त्यांच्यासमोर एक अक्षर बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या.

त्या पहिल्या सात-आठ महिन्यांत माझ्या स्वतःच्या सुया टोपलीतून निघाल्या नाहीत. दिवसभर लोकर हाताळून घरी आल्यावर लोकर बघवायची नाही. मग हळूहळू परत सुरू झालं, पण वेगळं. घरी आपण आपल्याला हवं ते विणतो. दुकानात समोरच्याला काय हवंय ते ऐकावं लागतं. तो कान तयार व्हायला मला वेळ लागला. त्या काळात नाद आटल्यासारखा वाटला, तर लगेच तेराव्याची तयारी करू नका.

तुमच्या दुकानात पेनवेडे थोडे येतील, बाकीचे जास्त. कुणाला भेट द्यायला चकचकीत काहीतरी हवं असेल, निबेशी त्याचं देणंघेणं नसेल. कुणी चित्रांची वॉटरप्रूफ काळी शाई शाईच्या पेनात भरून आणेल आणि 'तुमचं पेन चालत नाही' म्हणेल. त्या शाईत लाख असते, ती आत वाळून बसली की काय होतं ते तुम्ही जाणता. तुमचा संताप मला इथून दिसतोय. पण त्या माणसाला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि एखादी मुलगी येईल, आयुष्यातलं पहिलं शाईचं पेन घ्यायला. ती कागदावर असं दाबून लिहील की निबेची दोन टोकं फाकतील. तिचा दोष नाही. बॉलपेनची गोळी फिरायला दाब लागतो, तीच सवय हातात आहे. शाईच्या पेनात केशाकर्षणानं शाई आपोआप उतरते, निब नुसती टेकवली तरी पुरे. निबेखालच्या जिभेतून शाई खाली येते, तिची जागा घ्यायला हवा वर जाते, आणि लुईस वॉटरमननं १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते याच जिभेतल्या खाचांचं... हे तुम्ही सुरू कराल. नका करू. तिला म्हणा, 'हात सैल सोड आणि आपलं नाव लिही.' मग गप्प बसून तिचा हात बघा. डावखुरी आहे का, पेन किती तिरकं धरते, अक्षर बारीक की मोठं. त्यावरून निब निवडून द्या. १८८४ विचारलं तर सांगा.

दुरुस्तीचं मात्र पहिल्याच दिवशी मालकाशी बोला. बंद पडलेली पुष्कळ पेनं साध्या पाण्यात भिजवली की चालू होतात, तिथं तुम्ही हिरो. पण उरलेल्यांत कुणाच्या तरी वडिलांचं सेल्युलॉइडचं, म्हणजे जुन्या प्लास्टिकचं पेन असणार, टोपणाच्या कडेला केसासारखी चीर, आत शाईची रबरी पिशवी कडक होऊन चिकटलेली. घरी पेन फुटलं तर हळहळून खोक्यात टाकता. तिथं फुटलं तर? पेन घेतानाच गिऱ्हाईकासमोर भिंगातून बघा, चीर दाखवा, वहीत लिहा, सही घ्या. फुटल्यास जबाबदारी कुणाची, हे मालकानं ठरवायचं आणि आधी ठरवायचं.

मुलगा म्हणतो ती काउंटरची लाज मला फारशी पटत नाही. खरा चटका वेगळा आहे. बत्तीस वर्षांचा मालक एक दिवस तुम्हाला सांगेल, 'काका, ती सोनेरी पेनं पुढं मांडा, ती खपतात.' तुम्हाला ती बघवत नसतील. एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची सुरेख काळी पेनं त्यानं उन्हाच्या काचेत ठेवलेली असतील, आणि उन्हानं ती तपकिरी पडतात हे तुम्हाला पाठ असेल. एकदा सांगा, नीट सांगा. ऐकलं तर छान. नाही ऐकलं तर पेनं त्याची, भाडं तो भरतो. हे गिळता येत असेल तरच जा. तुम्ही इतकी वर्षं हाताखालच्यांकडून हेच गिळवून घेतलंत की!

आणखी एक. कामगार म्हणून सवलत मिळेल आणि महिन्याच्या शेवटी पगार दुकानातच राहील. मी लोकरीची दोन कपाटं भरली आहेत, त्यामुळे अधिकारानं सांगते. तुम्ही हिशेबवाले, वहीत दोन रकाने पाडा: मिळाले आणि तिथंच ठेवून आलो. सहा महिन्यांत एक पेन, त्याहून जास्त नाही. एकशेचाळीस आहेत, लिहिता कितीनं?

तीन महिने ठरवून घ्या. तेवढ्यानं दोघांनाही अंदाज येतो आणि थांबायचं झालं तर कुणाचं मन मोडत नाही. नाहीच जमलं तर पुन्हा गिऱ्हाईक म्हणून त्याच दारातून आत जाता यायला हवं, हे फार महत्त्वाचं आहे.

राहता राहिल्या काकू, ज्या काहीच म्हणत नाहीत. 'जाऊ का' असं नका विचारू, त्या 'जा' म्हणतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. दुपारची ती शांतता तुम्हाला आत्ता सहा महिन्यांपूर्वी भेटली, त्यांची तिच्याशी जुनी ओळख आहे. तुम्ही ऑफिसात असताना त्या दुपारी काय करायच्या, आणि तुम्ही घरी बसल्यापासून त्यातलं काय बंद पडलं, ते विचारा. मग मालकाशी वार ठरवा. एखादी दुपार त्यांना तुमच्यासोबत हवी असेल, एखादी तुमच्याशिवाय.

— ताई