ओम्नीचा ऑइल पंप बदलायचा का?

प्रश्न : जुनी ओम्नी आहे, इंजिन तापलं की सिग्नलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, रेस दिली की जातो. मेकॅनिक म्हणतो पंप गेला. बदलू का?

उत्तर : थांबा जरा. आधी ऑइलची लेव्हल बघा, मग प्रेशर स्विच, म्हणजे हा दिवा लावणारा स्विच, काढून तिथं गेज (प्रेशर मोजायचं मीटर) लावायला सांगा, कधीकधी स्विचच खोटं बोलतो. गेजवरही प्रेशर कमीच आलं तर संप, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, खोला, आतली ऑइल ओढायची जाळी चोक असेल, आणि तळाला चकाकणारा चुरा दिसला तर बेअरिंग झिजलेत, मग नुसता पंप टाकून पैसे पाण्यात. पंपच खराब निघाला तर तो टायमिंग बेल्टच्या मागं असतो, एवढं खोललंच आहे तर बेल्ट आणि क्रँकचं (इंजिनच्या मुख्य शाफ्टचं) पुढचं सील नवंच टाका. आणि हो, नवा पंप कोरडा बसवू देऊ नका, आत ऑइल भरूनच बसवायचा.