उत्तर यायला हवं १५४, येतंय शून्य

प्रश्न: ताई, वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचं फंक्शन मी वेगळ्या सी फाइलमध्ये लिहिलंय, सूत्र शाळेतलंच, २२/७ * त्रिज्या * त्रिज्या. ते डबल (दशांश संख्या) घेतं आणि डबलच परत देतं. मेनमधून क्षेत्रफळ(७) असा कॉल केला तर कॉलेजच्या पीसीवर शून्य येतं नाहीतर कसलातरी भलताच आकडा. वॉर्निंग येते पण प्रोग्राम चालतो. ७.० देऊन पण बघितलं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तर तोच कोड कंपाइलच होत नाही. नक्की चुकतंय कुठे?
– बीएससी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर: मैत्रिणीचा लॅपटॉप बरोबर आहे गं, आणि पीसीवरची ती वॉर्निंग आधी नीट वाच, त्यात सगळं लिहिलेलं असतं.

कंपायलर एकेक फाइल वेगळी वाचतो, मेनची फाइल वाचताना तुझी दुसरी फाइल त्याला दिसतच नाही, मग क्षेत्रफळ(७) दिसलं की जुना कंपायलर मनानेच धरतो की हे फंक्शन इंट, म्हणजे पूर्णांक, परत देत असणार, आणि तू ७ लिहिलंस म्हणून इंटच पाठवतो. आता ६४ बिटच्या इंटेल मशीनवर इंट एका प्रकारच्या रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यातून, जातो आणि डबल दुसऱ्याच. म्हणजे मेनने ७ ठेवला इकडे, फंक्शन बघतंय तिकडे, आणि तिथे आधीचं जे काही पडलंय तेच त्रिज्या म्हणून उचलतंय. ७.० दिलंस तेव्हा जाताना बरोबर गेलं, पण उत्तर आलं डबलच्या रजिस्टरमध्ये आणि मेन शोधतंय इंटच्या, म्हणून परत कचरा. लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्राम, फक्त नाव जुळवतो, सीमध्ये तो टाइप बघत नाही, त्यामुळे तिथेही कोणी अडवत नाही.

उपाय एका ओळीचा. मेनच्या वर लिही: डबल क्षेत्रफळ(डबल त्रिज्या), शेवटी सेमीकोलन हवाच. हा प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय देतं ते सांगणारी ओळ, दिसला की कंपायलर ७ चं ७.० स्वतः करून पाठवतो. पण ही ओळ मेनमध्ये हाताने टाकण्यापेक्षा हेडर फाइलमध्ये, म्हणजे अशा ओळींच्या वेगळ्या फाइलमध्ये, ठेव आणि ते हेडर दोन्ही फाइलींमध्ये इन्क्लूड कर. बरीच मुलं फक्त मेनमध्ये करतात, मग उद्या फंक्शनचा टाइप बदलला की हेडर जुनंच राहतं आणि कळतही नाही, दोन्हीकडे असेल तर कंपायलर लगेच पकडतो.

१९७८ च्या आसपासच्या सीमध्ये फंक्शन काय परत देतं एवढंच सांगता यायचं, आर्ग्युमेंटचे टाइप नाही. प्रोटोटाइप सी++ कडून आले, १९८९ च्या स्टँडर्डमध्ये. मनाने इंट धरायची सवय सी९९ ने, म्हणजे १९९९ च्या स्टँडर्डने, बंद केली, तरी जुना कोड चालावा म्हणून कंपायलर वॉर्निंगवर सोडत राहिले, जीसीसी नावाच्या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीने २०२४ मध्ये ती थेट एरर केली. लॅपटॉपवर असाच नवा कंपायलर असणार.

आणि हो, आर्ग्युमेंट नसेल तर कंसात व्हॉइड लिहीत जा, सी२३ च्या आधी रिकामा कंस म्हणजे "काहीच सांगितलं नाही" असा अर्थ होतो.

एवढं करूनही तुला १४७ दिसेल, घाबरू नकोस. २२/७ मध्ये दोन्ही इंट आहेत म्हणून भागाकार ३ च येतो, त्रिज्या डबल असली तरी तो आधीच होऊन जातो. २२.०/७ कर.