ऑडिटच्या फिरतीसाठी टिकाऊ, हलका आणि दिवसभर बॅटरी पुरणारा लॅपटॉप कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर-सांगली भागात मोटरसायकलवर फिरून छोट्या कारखान्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करता. टॅली, एक्सेल आणि डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावायचं) एवढंच लागतं. जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, बॅटरी दोन तासांवर आली. आता ९० हजारांपर्यंत काय घ्यावं?

ऑफिसांच्या लॅपटॉपची खरेदी आणि देखभाल हेच माझं काम आहे. तुमच्या जागी मी १४ इंची बिझनेस सीरिजमधलाच घेईन: लेनोवोचा थिंकपॅड टी१४, एचपीचा एलिटबुक किंवा डेलचा लॅटिट्यूड (२०२५ पासून त्याचं नाव डेल प्रो झालं आहे). या तिघांत निवड करताना एकच गोष्ट आधी बघा. बॅटरी चार स्क्रू काढून बदलता येते का? बॅटरी कितीही चांगली असली तरी ती झिजणारच. दोन-तीन वर्षांत क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येणं नेहमीचं आहे. लॅपटॉप सहा-सात वर्षं वापरायचा असेल तर मधे एकदा बॅटरी बदलावी लागणार, हे धरूनच चाला. या तिन्ही कंपन्या आपल्या बिझनेस मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल वेबसाइटवर सगळ्यांसाठी ठेवतात. विकत घेण्याआधी ते उघडून बॅटरी आणि रॅमचं पान बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता बॅटरीचे तास. ‘१८ तास’ असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा व्हिडिओ चालवून मोजलेलं असतं. व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो, तो फार कमी वीज खातो आणि बाकी प्रोसेसर जवळपास झोपलेला असतो. टॅली, वीस टॅब उघडा ब्राउझर आणि मोबाईलचा हॉटस्पॉट असं काम चालू असताना ते तास मिळत नाहीत. त्याऐवजी बॅटरी किती वॉट-अवरची आहे, म्हणजे तिच्यात एकूण किती वीज साठते, ते बघा आणि स्वतः भागाकार करा. थिंकपॅड टी१४ची पाचवी पिढी घ्या. ती दोन बॅटऱ्यांमध्ये येते, ३९.३ वॉट-अवर आणि ५२.५ वॉट-अवर. तुमचं काम सरासरी ७ वॉट खातं असं धरलं तर पहिलीवर साडेपाच तास मिळतील, दुसरीवर साडेसात. नाव तेच, दिसायला तेच, पण दिवसाचे दोन तास कमी-जास्त. ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या कॉन्फिगरेशनमध्ये लहान बॅटरी असू शकते. विक्रेत्याला हा आकडा लेखी विचारा.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा. इंटेलमध्ये ‘यू’ म्हणजे कमी वीज, ‘एच’ म्हणजे जास्त ताकद आणि जास्त खर्च. तुमच्या कामाला ‘यू’ भरपूर झालं. ‘व्ही’वाल्या चिपची बॅटरी खरंच छान चालते, पण त्यात रॅम चिपसोबतच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्क्रीन साधी १९२० बाय १२००, मॅट (न चमकणारी) आणि निदान ४०० निट्सची घ्या; निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड. ओएलईडी नको, कारण एक्सेलसारखं पांढरं पान दिवसभर समोर असेल तर ती जास्त वीज ओढते.

टोकनचं मात्र नीट ऐका. स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप हलके असतात आणि बॅटरीही मस्त देतात, त्यामुळे दुकानात तुम्हाला तेच दाखवतील. पण ते एआरएमवर, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या चिपवर चालतात. नेहमीची सॉफ्टवेअर तिथे भाषांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे टोकन किंवा प्रिंटर लॅपटॉपला ओळखता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर, तसे चालत नाहीत. ते एआरएमसाठी वेगळे बनवलेले असावे लागतात. तुमच्या टोकनच्या किंवा एखाद्या कारखान्यातल्या जुन्या प्रिंटरच्या कंपनीने तो बनवलेला नसेल, तर २० तारखेला रिटर्न भरताना अडकाल. १३ इंची मॅकबुक एअरचं वजन साधारण सव्वा किलो आणि बॅटरी उत्तम, पण टॅली विंडोजसाठी आहे. ज्यावर तुमचं पोट आहे ते सॉफ्टवेअर आडमार्गाने चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टिकाऊपणाबद्दल. ‘मिलिटरी ग्रेड’, म्हणजे मिल-एसटीडी-८१०एच, ही अमेरिकन लष्कराची चाचण्यांची यादी आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या ते लॅपटॉपची कंपनी ठरवते; लष्कर प्रमाणपत्र देत नाही. त्यापेक्षा बिजागरी बघा. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत बसतात. बिजागरी हळूहळू घट्ट होते, प्रत्येक वेळी झाकण उघडताना ताण त्या प्लास्टिकवर येतो आणि एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून येतो. तुमचंही बहुधा तेच झालं असावं: झाकण उघडताना खालच्या बॉडीचा कोपरा फाकायला लागला असेल. दुकानात झाकण एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडा. स्क्रीन पिळवटली, कुरकुर ऐकू आली किंवा कीबोर्डची बाजू उचलली गेली तर तो लॅपटॉप सोडून द्या.

वजन १.३ ते १.४ किलो धरा. एक किलोच्या आतबाहेरचे मिळतात, पण त्यात रॅम बहुतेक सोल्डर केलेली (बोर्डावर कायमची डाकलेली) असते आणि ते तुमच्या बजेटबाहेर जातात. मोटरसायकलवर ३००-४०० ग्रॅमपेक्षा आतून पॅड असलेली सॅक जास्त उपयोगाची. चार्जिंग होणारे टाइप-सी पोर्ट दोन हवेत. हे पोर्ट बऱ्याचदा थेट बोर्डावर सोल्डर केलेलं असतं, एक सैल झालं तर दुसऱ्यावर काम चालतं.

वॉरंटी तीन वर्षांची ऑनसाइट घ्या, आणि तुमच्या पिनकोडवर माणूस घरी येतो का हे ऑर्डर देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारा. तालुक्याच्या ठिकाणी हे फार महत्त्वाचं आहे. बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या. नोंदणी असेल तर १८ टक्के कराचं क्रेडिट मिळेल, म्हणजे बजेटही तेवढं वाढलं.

लॅपटॉप हातात आला की पहिल्याच दिवशी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ ही कमांड टाइप करा. जी फाइल तयार होते तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दिसतात. सांगितलेली बॅटरी मिळाली नसेल तर लगेच परत करा. मग कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा, लांबच्या फिरतीच्या आदल्या रात्रीच १०० करा. पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आली की बॅटरी सगळ्यात लवकर खराब होते, आणि सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर सॅक ठेवली तर दोन्ही आयतंच जमतं.

टोकन कोणत्या कंपनीचं आहे आणि दुकानदाराने कोणतं मॉडेल सुचवलंय ते खाली लिहा. मॉडेलचा पूर्ण नंबर दिलात तर त्याचं मॅन्युअल बघून बॅटरी आणि रॅमचं नक्की सांगतो.