एका रविवारात किती फिरायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मला दोन लेकरं, मोठी सात वर्षांची आणि धाकटा चार. मागच्या रविवारी आम्ही सगळे, सासूबाईपण, तुळजापूर, तिथनं नळदुर्गचा किल्ला आणि येताना अक्कलकोट असं एका दिवसात केलं. धाकट्याला गाडीत दोनदा उलटी झाली, किल्ल्यात तो चालेचना, कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर गेली आणि रात्री घरी आल्यावर हे म्हणाले आता पोरं मोठी होईपर्यंत कुठं जायचं नाही. पण घरी बसलं की दिवसभर मोबाइल. काय करू?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : अहो, तुम्ही तीन गावं केली, दीडशे किलोमीटरच्या आसपास झाले की, त्यात दोन देवळांतली गर्दी! मोठी माणसंसुद्धा दमतात, चार वर्षांचं लेकरू चालणार कसं. ह्यांचा राग दमल्याचा आहे, तो जाईल, पण फिरणं बंद करू नका. माझं एकच सांगणं आहे, एका रविवारी एकच ठिकाण, आणि दुपारच्या झोपेला घरी.

जवळचंच बघा ना. सिद्धेश्वराचं दर्शन घ्या, तळ्यातलं देऊळ लेकरांना आवडतंच, आणि शेजारी भुईकोट किल्ला आहे, तिथं चढण नाही, बाग आहे, धाकटा पळू दे. मोठीला किल्ल्याभोवतीचा खंदक दाखवा, शत्रूला आत येता येऊ नये म्हणून तो खणायचे एवढं सांगितलं तरी ती दहा प्रश्न विचारेल. पुढं कधीतरी हत्तरसंग कुडलला न्या, भीमा-सीनेचा संगम आहे, आणि तिथल्या शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. सात वर्षांच्या पोरीला मोजायला सांगा, शंभरपर्यंत गेली तरी खूप झालं, आणि तिथंच शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे हेही तिला सांगा, एवढी जुनी आपली भाषा आपल्या जिल्ह्यात दगडावर लिहिलेली आहे, मला तर प्रत्येक वेळी भरून येतं.

गाडीत मोबाइल बघत बसलं तर उलटीचा त्रास वाढतो. डोळ्यांना समोरचं चित्र एका जागी दिसतं आणि कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलतोय, मग मळमळतं. म्हणून त्याला बाहेर लांबचं बघू द्या, काच थोडी उघडी ठेवा, निघताना तेलकट वडे-भजी नको, आणि तासाभरानं पाच मिनिटं खाली उतरवा.

आणि आता थंडी आहे तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी एक हुरडा करून टाकाच, ओळखीत कुणाचं तरी शेत असतंच आपल्याकडं. सकाळी आठला पोचा. जमिनीतल्या आगटीत गोवऱ्या पेटवून त्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजतात, मग गरम गरम कणीस हातावर चोळलं की हिरवे दाणे सुटतात आणि फुंकर मारली की कोंडा उडतो. लेकरांना ती फुंकर मारण्यातच सगळी मजा वाटते, अर्धा हुरडा खाली सांडतो, सांडू दे. फक्त कणीस तुम्ही आधी चोळा आणि निवल्यावर त्यांच्या तळहातावर द्या. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. धाकट्याला चटणी तिखट लागेल तर दह्यात कालवून द्या. नंतर सगळ्यांना ताक, आणि लेकरांना हुरडा थोडाच, पोट दुखायला नको.

गड्ड्याला मात्र पोरांना घेऊन संध्याकाळी सातला जाऊ नका, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. चारला जा, दोन पाळणे, एक पिपाणी, आणि दोघांच्याही खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

सासूबाईंसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका, आणि शेतावर धूर येणार नाही अशा बाजूला त्यांना बसवा. हुरडा चोळायचं काम त्यांच्याकडंच द्या, त्यांच्या हातचे दाणे अख्खे निघतात आणि नातवंडं आपोआप त्यांच्या भोवती येऊन बसतात. ह्यांना फक्त एवढंच सांगा की बारा वाजता घरी.