आरोग्य प्रश्नोत्तरे : गावचा डॉक्टर एक, रांगा दोन

प्रश्न : आमचे गाव दिंडोरी तालुक्यात आहे. द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबे येतात आणि माल उतरेपर्यंत बागेतच राहतात. गावात खासगी डॉक्टर एकच आहेत. त्या दिवसांत माझ्या मधुमेही सासूबाईंना दोन-दोन तास ताटकळावे लागते. ‘गावकऱ्यांचा नंबर आधी’ अशी पाटी लावावी, असे काहींचे म्हणणे आहे. सीरियन निर्वासितांमुळे लेबनॉनच्या खेड्यांतही असेच झाल्याचे वाचले. तेथे काय केले गेले?
– एक वाचक

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, पाटी मात्र नको. एक फरक आधी नोंदवतो : निर्वासित जीव वाचवण्यासाठी देश सोडतो, तर आपल्याकडे येणारे मजूर याच जिल्ह्याचे रहिवासी आहेत.

तरीही तुलना अगदीच गैरलागू नाही. लेबनॉनमधील बेका खोरे शेतीचे आणि द्राक्षमळ्यांचे आहे, आणि सीरियन मजूर २०११ च्या युद्धापूर्वीही तेथे हंगामी कामाला येत असत. युद्धानंतर सरकारने त्यांच्यासाठी अधिकृत छावण्या उभारू दिल्या नाहीत, त्यामुळे कुटुंबे शेताच्या कडेला तंबू ठोकून किंवा भाड्याच्या खोल्यांत राहिली आणि उपचारांचा भार स्थानिक दवाखान्यांवर आला. केवळ निर्वासितांनाच मदत मिळते, ही सल गरीब लेबनीज कुटुंबांना होती. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांतून दोघांनाही स्वस्तात उपचार देण्यावर भर दिला गेला. २०१९ नंतरच्या आर्थिक संकटात बरेच डॉक्टर देश सोडून गेले आणि उरलेल्यांवरचा ताण आणखी वाढला.

आता आपल्या गावाकडे वळू. मी वणी परिसरात बरीच वर्षे दवाखाना चालवला, तेव्हा मला थकवा येई तो रुग्णांच्या संख्येपेक्षा त्यांच्या अपुऱ्या माहितीमुळे. एका संध्याकाळी एका बाईने पदराच्या गाठीतून अर्धी कापलेली गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. औषधाचे नाव नेमके कापल्या गेलेल्या भागावर होते, कागद सुरगाण्याला राहिलेले आणि खोकला तीन महिन्यांचा. क्षयाचे औषध मध्येच सुटले असेल काय, हे विचारून काढण्यातच वीस मिनिटे गेली. बाहेर बाकावर गावातली म्हातारी माणसे खोळंबली होती आणि त्यांचा रागही मला कळत होता.

शिवाय मजूर दिवसाचा रोज बुडवून येऊ शकत नाही, म्हणून सारी गर्दी दिवेलागणीला एकदम उसळते. तेव्हा वाटणी माणसांची न करता वेळेची करावी. रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या रुग्णांसाठी सकाळचा एक तास ठरवून ठेवावा, अशी विनंती आपण डॉक्टरांना करा. सासूबाईंचा खोळंबा बहुतांशी तेवढ्यानेच मिटेल.

उरलेले काम बागायतदार आणि मुकादमांचे आहे. उचल देतानाच ‘जुने कागद, बाळाचे लसीकरण कार्ड आणि चालू गोळ्या सोबत आणा’ असे सांगायला पैसे पडत नाहीत. बाळाची राहिलेली लस इकडच्या सरकारी उपकेंद्रात मोफत मिळते, आणि क्षयाचे उपचार चालू असतील तर निक्षय क्रमांकावरून (क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) ते इकडच्या सरकारी केंद्रात पुढे चालू ठेवता येतात. कुटुंबे उतरली त्याच आठवड्यात आशाताईंना बागेवर बोलवावे. आणि फवारणीनंतर कोणाला मळमळ, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रांगेचा विचार न करता फवारलेल्या औषधाच्या बाटलीसह त्याला तडक दवाखान्यात आणावे. बाटलीवरचे नाव वाचता आले की डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.