वाचकांचे प्रश्न : दरवाजे आपोआप, मग माणूस कशाला?

प्रश्न : राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात म्हणे. मग रात्रपाळीला माणूस कशाला? आणि ऐन पावसाळ्यात बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढून पाणी सोडून का देतात?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दादा, पाटबंधाऱ्याच्या नोकरीत हे मलाही पाव्हण्यांनी लई विचारलंय. शाहू महाराजांच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की त्याच्याच दाबानं उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. पण खालच्या गावांना फोन दरवाजा करत नाही! पातळी बघणं, भोंगा, नोंदवही, ओंडका अडकलाय का ते पाहणं, सगळं माणसाचं काम.

बर्ग्यांचं म्हणाल तर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पूर अडवायला नाहीच. पावसाळा सरताना बर्गे घालून उन्हाळ्यासाठी पाणी धरायचं. पुरात ते ठेवले तर पाणी तुंबतं, काठ खचतो.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर धोका. पाणी वरून वाहत असताना तिथनं मोटारसायकल घालणाऱ्यांना मात्र मी शहाणा म्हणणार नाही. कठडा नाही, खाली ओढ जबर.