धाकट्याचं प्रेम इंटरव्हलनंतर कुठे जातं?

प्रिय पोरी,

स्क्रिप्ट वाचली. लालबागची चाळ, पुनर्विकासाच्या कागदावर सही न करणारी आई, जिने झिजवणारे कमिटीवाले, हे सगळं तुझ्या अंगवळणी पडलेलं आहे, त्यात मी नाक खुपसत नाही. १९८२च्या संपात गिरणी गेली, खोली तेवढी राहिली, हे आईचं कारणही पक्कं बसलंय. माझी तक्रार धाकट्या भावाच्या प्रेमाबद्दल आहे. मुलगी कांदिवलीची. दोघं मरीन ड्राइव्हला भेटतात, पावसात गाणं होतं, इंटरव्हलनंतर ती गायब, आणि शेवटी एकदम लग्नात हजर. मधे तिचं काय झालं, हे तुलाही ठाऊक नसावं.

'एक लव्ह ट्रॅक टाका' असं निर्माता म्हणाला असणार. म्हणू दे, त्यात वावगं काही नाही. पण टाकलेला ट्रॅक ओळखू येतो.

उपकथानकाची एक कसोटी इथे जो तो सांगतो: काढून बघ, गोष्ट तशीच चालली तर फेकून दे. माझ्या मते ही कसोटी अर्धवट आहे. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' हा चित्रपट पुन्हा बघ. खटला एका लोकशाहिराचा. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. आता त्यातली सरकारी वकील लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबाबरोबर नाटकाला जाते. बचावाचा वकील सुपरमार्केटमधून वाइन आणि चीज घेतो. यातलं सगळं कापून टाक, खटल्याची एक तारीखसुद्धा हलणार नाही. पण मग सरकारी वकील निव्वळ खलनायिका होऊन बसेल. तिला घरात बघितल्यावर तिचा राग धड करता येत नाही, आणि चित्रपटाची खरी बोच तिथेच आहे. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात, गोष्ट संपली असं वाटतं, आणि ताम्हाणे न्यायाधीशाच्या मागोमाग थेट सहलीला जातो! तिथे हा माणूस एका लहान मुलाच्या अडचणीवर काय सल्ला देतो ते ऐक. एवढा वेळ आपण कुणाच्या हातात निकाल सोपवला होता, ते तिथे कळतं.

म्हणून 'गोष्ट अडते का' एवढंच विचारू नकोस. मूळ गोष्टीतल्या माणसांकडे बघायची आपली नजर बदलते का, तेही विचार. दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं, तर मात्र खुशाल काप.

लांबी हा मुद्दाच नाही. 'शोले'त जय आणि राधा एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. ती व्हरांड्यातले दिवे मालवते, तो खाली माउथ ऑर्गन वाजवतो. मोजून काही मिनिटं. पण जय मरतो तेव्हा आपण एकट्या वीरूसाठी रडत नाही. (मग सूरमा भोपालीच्या विनोदी तुकड्याचं काय, असं विचारशील. त्याला हात लावायची माझी छाती नाही.)

आता तुझा धाकटा. दहा बाय पंधराच्या खोलीत आई, थोरला, वहिनी. हा गॅलरीत झोपतो. लग्न करून बायकोला आणणार कुठे? म्हणजे अख्ख्या घरात सही सगळ्यात जास्त हवी आहे ती यालाच, आणि आईसमोर हा तोंड उघडू शकत नाही. तू हे लिहिलंच नाहीस! मरीन ड्राइव्हचं गाणं काढ. दोघं कठड्यावर बसलेत, बिल्डरच्या माहितीपत्रकातला वन बीएचकेचा नकाशा मांडीवर, आणि ती पेनने कपाट कुठे, पलंग कुठे ते काढतेय. हाच कागद पुढे आईला शर्ट धुवायला घेताना खिशात सापडू दे. कमिटीवाले राहिले बाजूला, भांडण घरात आलं.

मुलीलाही स्वतःचं मत असू दे, ती नुसती त्याची वाट बघत बसलेली नको. समज, तिचं घर गिरगावातून कांदिवलीला गेलंय. टॉवरमध्ये शेजारी कोण राहतं ते तिच्या आजीला मरेपर्यंत कळलं नाही. मग नकाशात हौसेने कपाट काढणारी हीच पोरगी एक दिवस म्हणेल, 'राहू दे रे, नको सही.' होणारी सून सासूच्या बाजूला आणि पोटचा मुलगा विरुद्ध. हा सीन मला बघायचाय.

उपकथानक मूळ गोष्टीला कसं जोडायचं, ते थोडक्यात. धाकट्याचं भांडण आईच्या निर्णयाच्या आधी टोकाला जाऊ दे, म्हणजे निर्णय घेताना तिच्या डोक्यात ते असेल. आणि आई ठामपणे 'नाही' म्हणाली की लगेच धाकट्यावर कट घे. कमिटी पुढे काय करते याची प्रेक्षकाला वाट बघू दे. इंटरव्हलनंतर नवीन पात्र आणू नकोस, थोरल्याचा तो दुबईचा मित्र तर अजिबात नको.

निर्माता गाण्यावर अडून बसला तर गणपतीच्या मिरवणुकीत दे. लालबागमध्ये त्याला कारण शोधावं लागत नाही. पुढचा ड्राफ्ट प्रिंट काढून आण, मोबाइलवर मला वाचवत नाही. सकाळी शिवाजी पार्कला असतोच.

तुझा,
काका